अतिभरण दाबमापक

अतिभरक (सुपरचार्जर) बसविलेल्या एंजिनात सिलिंडरांकडे जाणाऱ्या हवेचा किंवा हवा व इंधन यांच्या मिश्रणाचा दाब वातावरणाच्या दाबापेक्षा किती अधिक वा उणा आहे, हे दाखविणारे उपकरण. मोटारचालक त्यास ‘बूस्ट गेज’ म्हणतात. त्याच्या तबकडीवरील शून्य म्हणजे दाबाचा अभाव नव्हे, तर भोवतालच्या हवेइतका दाब होय. शून्याच्या एका बाजूस अधिक दाब पौंड/चौ. इंच या एककात व दुसऱ्या बाजूस निर्वात पाऱ्याच्या इंचांत दाखविण्याची प्रथा आहे. एंजिन भाररहित व मंद चालत असता काटा निर्वाताच्या बाजूस असतो. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर तो शून्य ओलांडतो. हा आकडा म्हणजे एंजिनाची शक्ती असा समज सर्वत्र आढळतो. तो चुकीचा आहे, आणि तो चुकीचा का हे कळण्यास अतिभरणाचा इतिहासच पाहावा लागतो.

दाब मोजण्याचे साधन अतिभरकाहून जुने आहे. वाकविलेली चपटी नळी आतील दाबाने सरळ होऊ पाहते, या तत्त्वावरील मापकाचे पेटंट यूझेन बूर्दाँ यांनी १८४९ मध्ये घेतले. वाफेच्या एंजिनांवर ते लवकरच रूढ झाले. अमेरिकेतील रूट्स बंधूंचा दोन घूर्णकांचा हवापंप १८६० चा. तो भट्ट्यांना हवा पुरविण्यासाठी वापरला जाई, मोटारीचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. सिलिंडरात हवा दाबून भरण्याची कल्पना गोटलीप डाइमलर यांच्या १८८५ च्या पेटंटात दिसते. तथापि अतिभरक बसविलेल्या मोटारगाड्या प्रत्यक्ष विक्रीस आणल्या त्या मर्सिडीझ गाड्या बनविणाऱ्या डाइमलर कंपनीने, पहिल्या महायुद्धानंतर. बर्लिन येथील १९२१ च्या प्रदर्शनात त्या मांडण्यात आल्या. त्यांतील रूट्स पंप सतत चालत नसे. ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबला की तो जोडला जाई. १९२३ मध्ये मोंत्सा येथील इटालियन ग्रां प्री शर्यत फिआटच्या अतिभरित गाडीने जिंकली, आणि त्यानंतर शर्यतींच्या क्षेत्रात अतिभरक जवळजवळ अपरिहार्य झाला.

सर्वांस मात्र तो मान्य नव्हता. साडेचार लिटरच्या बेंटली गाडीस अतिभरक लावल्यावर तिची शक्ती सु. ११० वरून १७५ अश्वशक्तीपर्यंत गेली, तरी डब्ल्यू. ओ. बेंटली यांचा त्यास अखेरपर्यंत विरोध होता. या गाडीने एकही मोठी शर्यत जिंकली नाही, हे त्यांच्या मताच्या बाजूने म्हणता येईल.

अडचण उष्णतेची आहे. हवा दाबली की तापते, आणि तापलेली हवा विरळ होते. समजा, बाहेरील हवा २७° से. आहे व मापक १० पौंड दाखवितो. वातावरणाचा दाब १४·७ पौंड धरल्यास एकूण दाब सु. १·६८ पट झाला. परंतु अतिभरकाची कार्यक्षमता ६० टक्के असेल, तर हवेचे तापमान सु. १०७° से. होते आणि तिची घनता केवळ १·३३ पट भरते. काटा ६८ टक्के वाढ सांगतो. सिलिंडरात जाते त्याच्या निम्मी. शिवाय अतिभरक फिरविण्यास एंजिनाचीच शक्ती खर्च होते, आणि मिश्रण तप्त असल्याने ते अकाली पेटून एंजिनात ठोके बसू लागतात. हीच हवा मध्ये थंड करून घेतली, तर काट्याचा आकडा किंचित उतरतो व शक्ती मात्र वाढते.

हे ज्ञान विमानांच्या एंजिनांनी पक्के केले. रोल्स-रॉइस मर्लिन एंजिनास ८७ ऑक्टेन इंधनावर सव्वासहा पौंडांची मर्यादा होती. १९४० मध्ये १०० ऑक्टेन इंधन मिळताच त्याच एंजिनास १२ पौंड सोसले. म्हणजे किती आकडा सुरक्षित हे मापक ठरवीत नाही, इंधन ठरविते. मापनाच्या पद्धतीही देशोदेशी वेगळ्या होत्या. ब्रिटिश वैमानिक समुद्रसपाटीच्या प्रमाण दाबास शून्य मानी, जर्मन वैमानिक निरपेक्ष दाब वातावरणांत वाची, तर अमेरिकन वैमानिक तो पाऱ्याच्या इंचांत. पॅकार्ड कंपनीने बनविलेले मर्लिन स्पिटफायर विमानात ‘अधिक १८’ आणि मस्टँग विमानात ‘६७ इंच’ दाखवी. दाब दोन्हीकडे जवळजवळ एकच असे.

महायुद्धोत्तर ग्रां प्री नियमांनुसार दीड लिटरच्या अतिभरित किंवा साडेचार लिटरच्या साध्या एंजिनास मुभा होती. आल्फा रोमेओच्या छोट्या एंजिनातून दोन टप्प्यांच्या अतिभरणाने १९५१ पर्यंत ४०० हून अधिक अश्वशक्ती मिळू लागली. मात्र मिश्रण थंड राखण्यासाठी मेथिल अल्कोहॉलयुक्त इंधन इतके ओतावे लागे, की गाडी एका गॅलनात जेमतेम दीड मैल धावे. त्या वर्षी जुलैत सिल्व्हरस्टोन येथे फेरारीच्या साध्या साडेचार लिटर गाडीने तिला हरविले. विश्वविजेतेपद आल्फाच्या चालकानेच मिळविले, हेही नमूद केले पाहिजे.

मापक वाचताना म्हणून हे ध्यानात ठेवावे, की दाब हा अडथळ्यातून निर्माण होतो. अतिभरक जितकी हवा ढकलतो तितकी एंजिन गिळू शकत नाही, म्हणून ती साचून दाब चढतो. झडपा मोठ्या केल्या अथवा निष्कास नळी मोकळी केली, की एंजिन अधिक हवा घेते व काटा खाली येतो. अननुभवी माणूस यास बिघाड समजतो. उलट निष्कास तुंबल्यास आकडा चढतो आणि शक्ती घटते. काटा हळूहळू उतरत गेला व एंजिनात काही बदल केलेला नसेल, तर प्रथम पट्टा घसरतो आहे काय ते पाहावे. अतिभरकाचा प्रकारही माहीत हवा. रूट्स पंप कमी वेगापासूनच दाब देतो. केंद्रोत्सारी अतिभरकाचा दाब मात्र वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून निम्म्या वेगास सु. चतुर्थांश आकडा दिसणे हे दोषाचे लक्षण नव्हे.

उंचीवर शून्यच सरकते. अमेरिकेतील पाइक्स पीक या डोंगरावर १९१६ पासून मोटारींची चढाची शर्यत होत आली आहे. ४,३०० मी. उंचीवरील तिच्या अखेरच्या टप्प्यावर वातावरणाचा दाब सु. ८·६ पौंडच उरतो. पायथ्याशी नव्हे, समुद्रसपाटीवर १० पौंड दाखविणारी गाडी तेथे सहापेक्षाही कमी दाखवील, आणि तिच्या सिलिंडरांना मिळणारा एकूण दाब समुद्रसपाटीवरील साध्या एंजिनाइतकाच असेल. याच कारणाने इलेक्ट्रॉनिक इंधन-नियंत्रण आल्यावर गाड्यांत निरपेक्ष दाब मोजणारे संवेदक बसू लागले. त्यांच्या जोडीस हवेचे तापमान मोजणारा संवेदकही असतो, आणि इंधन किती सोडावयाचे हे दोन्ही मापांवरून ठरते. तबकडीवरील काटा चालकासाठी उरला आहे.