आवृत्ती जुनी, दुरुस्ती नवी

माझ्या प्रबंधाच्या एका प्रकरणात मी मोठी चूक केली होती. तुम्ही संशोधनाला सुरुवात करणार असाल, तर ती आधीच माहीत असलेली बरी.

मला एका कंपनीच्या सर्व्हरची मे २०१४ मधली यादी मिळाली होती. बऱ्याच मशीनवर ओपनएसएसएल १.०.१ई दिसत होतं. मी सरळ लिहून टाकलं, की हार्टब्लीडनंतर महिना उलटला तरी इथे दुरुस्ती झाली नव्हती. माणला, म्हणजे हिंजवडी फेज तीनमध्ये, सर्व्हर सांभाळणाऱ्या एका मित्राला मसुदा दाखवला. तो म्हणाला, "अरे, पुढचे आकडे का कापलेस?"

आधी थोडी पार्श्वभूमी. हार्टब्लीड (सीव्हीई-२०१४-०१६०) हा दोष १४ मार्च २०१२ ला आलेल्या १.०.१ आवृत्तीपासून होता. समोरचा जेवढी लांबी सांगेल तेवढा मजकूर सर्व्हर न तपासता परत पाठवायचा. त्यामुळे एका वेळी ६४ केबीपर्यंत मेमरी बाहेर जायची, आणि तिच्यात पासवर्ड किंवा खासगी किल्लीही असू शकायची. ७ एप्रिल २०१४ ला दोष जाहीर झाला आणि दुरुस्त आवृत्ती आली, १.०.१जी.

मग १.०.१ई म्हणजे दोष शिल्लक, असंच ना? नाही. रेड हॅट, डेबियनसारखी वितरणं सहसा नवी आवृत्ती उचलत नाहीत. नव्या आवृत्तीबरोबर नवं वागणं येतं आणि चालू काम अडू शकतं. म्हणून ती फक्त दुरुस्तीच्या ओळी जुन्या आवृत्तीत बसवतात. याला बॅकपोर्ट म्हणतात. डेबियन ७ मधलं दुरुस्त पॅकेज होतं १.०.१ई-२+डेब७यू५. पुढचा भाग तोच, बदल शेवटी. आणखी गंमत म्हणजे, ओपनएसएसएलच्या ०.९.८ आणि १.०.० या त्याहून जुन्या शाखांमध्ये हा दोष नव्हताच. 'जुनं म्हणजे धोक्याचं' हे गृहीतकही इथे पडतं.

मी मूळ नोंदी परत काढल्या, शेपटासकट. बहुतेक मशीनवर दुरुस्त पॅकेज होतं. एप्रिलमध्ये रात्री जागून ते बसवणाऱ्या माणसांना मी प्रबंधात निष्काळजी ठरवून बसलो होतो.

पण याचा अर्थ ती मशीनं नक्की सुरक्षित होती, असाही नाही. पॅकेज बदललं तरी चालू असलेली सेवा मेमरीतली जुनीच लायब्ररी वापरत राहते. सेवा पुन्हा सुरू करावी लागते. शिवाय किल्ली आधीच बाहेर गेली असेल, तर नवी किल्ली आणि नवं प्रमाणपत्र घ्यावं लागतं.

म्हणजे 'दुरुस्ती कधी झाली?' या प्रश्नाला एक तारीख नाही. दुरुस्तीचा कोड कधी लिहिला, वितरणाने पॅकेज कधी दिलं, ते मशीनवर कधी बसलं, सेवा कधी पुन्हा सुरू झाली आणि किल्ली कधी बदलली, हे पाच वेगळे प्रश्न आहेत. त्यांचे पुरावेही वेगळे: कोडचा इतिहास, वितरणाची सुरक्षा सूचना, पॅकेज बसवल्याची नोंद, सेवेचा लॉग आणि प्रमाणपत्रावरची तारीख.

माझ्याकडे पहिल्या तिघांचे पुरावे होते, शेवटच्या दोघांचे नव्हते. आता त्या प्रकरणात तेवढंच लिहिलंय. वाक्य आधीपेक्षा मिळमिळीत झालंय, पण व्हायव्हात कोणी विचारलं तर त्यामागे उभं राहता येईल.