चित्रित पाठ आणि विज्ञानशिक्षकाचे प्रशिक्षण : १९६३ ते २०२०

अध्यापन ही मूलतः क्षणभंगुर क्रिया आहे. तास संपल्याची घंटा झाली की फळ्यावरील अक्षरे पुसली जातात, प्रश्नोत्तरे विरून जातात आणि पाठनिरीक्षकाच्या वहीतील चार-दोन शेरे तेवढे मागे राहतात. वकिलाला जुने निवाडे चाळता येतात, वैद्याला रुग्णांची टिपणे पुन्हा तपासता येतात; शिक्षकाच्या व्यवसायाला असा दप्तरखाना फार काळ लाभला नव्हता. विज्ञानाच्या शिक्षकाला ही उणीव विशेष जाचक ठरते. कारण निसर्गाविषयी मुलाच्या मनात असलेली चुकीची कल्पना बहुधा एखाद्या अर्धवट उत्तरात क्षणभर डोकावते आणि लगेच लुप्त होते. पाठ चित्रित करून ठेवण्याच्या सोयीमुळे ही उणीव दूर होईल अशी अपेक्षा निर्माण झाली. ती कितपत सफल झाली हे पाहताना एक भेद ध्यानात ठेवावयास हवा : साधनाचा इतिहास वेगळा, आणि त्या साधनातून काय पाहावयाचे याविषयीच्या कल्पनेचा इतिहास वेगळा.

चित्रफीत मुद्रित करणारे पहिले व्यवहार्य यंत्र अँपेक्स या अमेरिकन कंपनीने १९५६ मध्ये प्रदर्शित केले. त्यानंतर सात वर्षांनी, १९६३ मध्ये, स्टॅनफर्ड विद्यापीठात ड्वाइट अ‍ॅलन व त्यांचे सहकारी यांनी सूक्ष्म अध्यापनाची पद्धती सिद्ध केली. छात्राध्यापकाने मोजक्या विद्यार्थ्यांपुढे काही मिनिटांचा पाठ घ्यावयाचा, एकाच कौशल्यावर लक्ष केंद्रित करावयाचे, आपल्याच पाठाचे चित्रण पाहावयाचे आणि सुधारलेला पाठ पुन्हा द्यावयाचा, असे तिचे स्वरूप होते. चित्रफीत येथे आरशाचे काम करीत होती. त्या आरशात दिसत होता तो मुख्यतः शिक्षक : त्याचा आवाज, त्याचे हावभाव, त्याची प्रश्न विचारण्याची रीत. समोरचा विद्यार्थी पार्श्वभूमीला होता.

भारतात ही पद्धती लवकरच आली. अलाहाबाद येथे १९६७ मध्ये डी. डी. तिवारी यांनी तिचा उपयोग केला, आणि पुढील दशकात बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातील शिक्षणशास्त्राच्या प्रगत अध्ययन केंद्राने, विशेषतः बी. के. पासी यांनी, तिला भारतीय रूप दिले. चित्रमुद्रणाची यंत्रे सामान्य अध्यापक महाविद्यालयाच्या आवाक्याबाहेर होती. म्हणून यंत्राच्या जागी सहाध्यायी निरीक्षक आले आणि विद्यार्थ्यांच्या जागी विद्यार्थ्यांची भूमिका करणारे छात्राध्यापक आले. अध्यापनाला ६ मिनिटे, प्रत्याभरणाला ६, पुनर्नियोजनाला १२, पुनरध्यापनाला ६ व पुन्हा प्रत्याभरणाला ६, असे ३६ मिनिटांचे चक्र रूढ झाले. काटकसरीच्या दृष्टीने ही योजना कौतुकास्पद होती यात शंका नाही. परंतु तिची एक किंमत होती. ज्याला उत्तर आधीच ठाऊक आहे असा प्रौढ सहाध्यायी मुलाच्या अज्ञानाचे सोंग घेऊ शकतो. मुलाची खरीखुरी चूक तो करू शकत नाही. परिणामी कौशल्य उरले, पण ज्या आशयासाठी ते वापरावयाचे तो आशय गौण ठरला.

दुसरा प्रवाह प्रसाराचा होता. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात ‘साइट’ या उपग्रह दूरदर्शन प्रयोगाने एटीएस-६ या अमेरिकन उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांपर्यंत कार्यक्रम पोचविले. त्याच प्रयोगात प्राथमिक शिक्षकांसाठी बारा दिवसांची विज्ञान-प्रशिक्षण सत्रे दोन वेळा घेण्यात आली आणि त्यांचा लाभ सुमारे ४८ हजार शिक्षकांना झाला. आयोजकांनी केवळ दूरदर्शनवर विसंबून न राहता नभोवाणी, छापील साहित्य, प्रत्यक्ष कृती आणि केंद्रावरील चर्चा यांची जोड त्याला दिली होती, ही गोष्ट नमूद करण्यासारखी आहे. एकमार्गी माध्यमाची मर्यादा त्यांनी ओळखली होती असाच याचा अर्थ होतो.

याच काळात मध्य प्रदेशात यंत्राविना एक मोठा प्रयोग चालू होता. १९७२ मध्ये होशंगाबाद जिल्ह्यातील १६ माध्यमिक शाळांत, किशोर भारती व रसुलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर यांच्या पुढाकाराने, कृतीवर आधारलेले विज्ञानशिक्षण सुरू झाले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील व दिल्ली विद्यापीठातील वैज्ञानिकांचे त्याला साहाय्य होते. १९७८ मध्ये कार्यक्रम सर्व जिल्ह्यात पसरला. २००२ मध्ये राज्य शासनाने तो बंद केला. प्रशिक्षणानंतर शाळांना भेटी देणे आणि मासिक गोष्टीत शिक्षकांनी एकत्र बसून आपापल्या वर्गातील अडचणी मांडणे, हा त्याचा कणा होता. येथे पुरावा चित्रफितीवर नव्हता, तो शिक्षकांच्या स्मरणात होता; पण चर्चेचा विषय खऱ्या मुलांची खरी उत्तरे हाच होता.

चित्रित पाठाकडे पाहण्याची दृष्टी निर्णायकपणे बदलली ती १९९० नंतर. आंतरराष्ट्रीय गणित व विज्ञान अध्ययनाच्या अंगाने १९९५ मध्ये जेम्स स्टिग्लर व त्यांच्या सहकाऱ्यांनी जर्मनी, जपान व अमेरिका येथील आठवीच्या गणिताचे २३१ पाठ चित्रित केले. १९९९ च्या दुसऱ्या अध्ययनात विज्ञानाचाही समावेश झाला आणि ऑस्ट्रेलिया, चेक प्रजासत्ताक, जपान, नेदरलँड्स व अमेरिका या पाच देशांतील ४३९ पाठांचे विश्लेषण कॅथलीन रॉथ व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केले. त्यातील निष्कर्ष मार्मिक होता. अधिक यशस्वी अशा चार देशांच्या पद्धती परस्परांहून भिन्न होत्या : चेक वर्गात आशयाची कसून उजळणी होई, जपानी वर्गात प्रयोगाच्या पुराव्यातून कल्पना उभारली जाई, डच विद्यार्थी बरेचसे स्वतंत्रपणे अभ्यास करीत. अमेरिकन वर्गात कृतींची रेलचेल होती, मात्र त्या कृती वैज्ञानिक कल्पनांशी पुष्कळदा जोडलेल्या नव्हत्या. प्रयोग केला म्हणजे विज्ञान शिकविले, या सर्वत्र प्रिय असलेल्या समजुतीला हा धक्का होता.

या निष्कर्षातूनच रॉथ यांचा ‘स्टेला’ हा प्रशिक्षणक्रम जन्मला. त्यात शिक्षक दोन दृष्टींनी पाठ पाहतात : मुले काय विचार करीत आहेत, आणि पाठातील आशयाचे सूत्र अखंड आहे की नाही. दिव्याला घटाची एकच तार जोडली तरी तो लागेल, असे एखादी मुलगी म्हणते; तेथे चित्रफीत थांबते. ती असे का म्हणाली, आणि शिक्षकाने पुढे कोणता प्रश्न विचारावा, यावर चर्चा होते. ज्यांना केवळ विषयज्ञान दिले अशा शिक्षकांच्या तुलनेत पाठविश्लेषण करणाऱ्या शिक्षकांचे विद्यार्थी अधिक शिकले, असे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. दोन्ही गटांना सारखेच तास देऊन केलेल्या नंतरच्या मोठ्या चाचणीनेही त्यास पुष्टी दिली. याच विचाराचे ‘विस्टा’ नावाचे ऑनलाइन पाठ छात्राध्यापकांसाठी तयार करण्यात आले. आरसा गेला आणि त्या जागी भिंग आले, असे या स्थित्यंतराचे वर्णन करता येईल.

भारतात ऑनलाइन प्रशिक्षणाला २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘दीक्षा’ मंचाने पाया दिला. महासाथीच्या काळात, ऑक्टोबर २०२० मध्ये, ‘निष्ठा’ हा २०१९ चा प्रत्यक्ष प्रशिक्षणक्रम त्या मंचावर आला व प्राथमिक स्तरासाठी १८ अभ्यासक्रम उपलब्ध झाले. ‘साइट’च्या आयोजकांना स्वप्नवत वाटावा असा हा आवाका आहे. परंतु अभ्यासक्रम कितीजणांनी पूर्ण केला हे प्रमाणपत्रांच्या संख्येवरून समजते. एकाच तारेने दिवा लागतो म्हणणाऱ्या मुलीपुढे शिक्षक आता थांबतो की नाही, हे त्यावरून समजत नाही.

या सहा दशकांच्या वृत्तान्तातून एक गोष्ट स्पष्ट होते. चित्रित पाठाचा उपयोग अनुकरणाचा नमुना म्हणून झाला तेव्हा त्यातून लकबी संक्रमित झाल्या. चर्चेचा पुरावा म्हणून झाला तेव्हा विवेक वाढला. नमुना दूरवर पाठविणे स्वस्त आहे. चर्चा घडवून आणणे महाग आहे, कारण तिला वेळ, सोबती आणि जाणता मार्गदर्शक लागतो. म्हणून विस्ताराच्या प्रत्येक लाटेत पहिली काटछाट चर्चेवरच होण्याचा धोका असतो. चित्रणाची सोय आता शिक्षकाच्या खिशातील फोनमध्ये आली आहे. होशंगाबादच्या मासिक गोष्टीला जे साधन उपलब्ध नव्हते ते आज सुलभ आहे. दुर्मीळ झाली आहे ती गोष्टी. प्रशिक्षणाच्या योजना आखणाऱ्यांनी खर्चाचा पहिला आकडा तिच्यासाठी मांडावा, हाच या इतिहासाचा व्यावहारिक अर्थ होय.