सेयर्स, डॉरोथी ली
(१३ जून १८९३ – १७ डिसेंबर १९५७). विख्यात इंग्रज रहस्यकथालेखिका, नाटककार, धर्मविषयक निबंधकार आणि डांटेच्या काव्याची अनुवादक. जन्म ऑक्सफर्ड येथे, एका अँग्लिकन धर्मोपदेशकाच्या घरी. लॅटिनचे पहिले धडे तिने वडिलांकडूनच घेतले. बालपण पूर्व इंग्लंडमधील फेन्स ह्या सखल, पाणथळ प्रदेशात गेले. ऑक्सफर्डच्या समरव्हिल महाविद्यालयात फ्रेंचचे अध्ययन करून १९१५ मध्ये ती प्रथम वर्गात उत्तीर्ण झाली. तथापि त्या काळी तेथे स्त्रियांना पदवी दिली जात नसे. १९२० मध्ये हा निर्बंध उठल्यावर पदवी मिळालेल्या पहिल्या स्त्रियांत तिचा समावेश होता. १९२२ पासून काही वर्षे तिने लंडनमधील एका जाहिरातसंस्थेत मजकूरलेखक म्हणून काम केले.

व्हूज बॉडी? (१९२३) ही तिची पहिली रहस्यकादंबरी. तीत अवतरलेला लॉर्ड पीटर विम्झी हा उमराव घराण्यातील हौशी गुप्तहेर पुढे तिच्या एकूण अकरा कादंबऱ्यांचा नायक झाला. दोन महायुद्धांमधील काळ हा इंग्रजी रहस्यकथेचा सुवर्णकाळ मानला जातो. गुप्तहेराला सापडलेला प्रत्येक धागा वाचकालाही दिसला पाहिजे, हा ह्या कथाप्रकाराचा प्रमुख दंडक होता. १९३० मध्ये स्थापन झालेल्या ‘डिटेक्शन क्लब’च्या सभासदांना तशी शपथच घ्यावी लागे, दैवी साक्षात्कार किंवा योगायोग ह्यांच्या आधारे रहस्य उलगडणे त्या शपथेनुसार निषिद्ध होते. जी. के. चेस्टर्टन हा क्लबचा पहिला अध्यक्ष. १९४९ पासून अखेरपर्यंत सेयर्सने हे पद भूषविले.

मर्डर मस्ट ॲडव्हर्टाइज (१९३३) ह्या कादंबरीत जाहिरातव्यवसायाचे उपरोधपूर्ण चित्रण आहे. द नाइन टेलर्स (१९३४) ह्या कादंबरीत फेन्समधील एक खेडे, तेथील चर्च आणि घंटावादनाची परंपरा ह्यांतूनच रहस्य आकारास येते. गॉडी नाइट (१९३५) मध्ये तर खून नाहीच. आपल्या सिद्धांतास बाधक ठरणारा पुरावा दडपणाऱ्या एका विद्वानाचे प्रकरण तिच्या मुळाशी असून बौद्धिक प्रामाणिकपणा हाच तिचा खरा विषय आहे.

१९३७ नंतर ती मुख्यत्वे धर्मविषयक लेखनाकडे वळली. कँटरबरी कॅथीड्रलच्या महोत्सवासाठी लिहिलेल्या द झील ऑफ दाय हाउस (१९३७) ह्या नाटकाचा नायक त्या वास्तूचा बाराव्या शतकातील स्थपती आहे. बीबीसीसाठी लिहिलेल्या द मॅन बॉर्न टू बी किंग (१९४१–४२) ह्या बारा नभोनाट्यांच्या मालिकेत येशू व त्याचे शिष्य साध्या, बोली इंग्रजीत बोलतात. येशूचे संवाद नटाने म्हणावेत, हे काही धार्मिक गटांना अधर्म्य वाटले आणि प्रक्षेपणापूर्वीच मोठे वादळ उठले. सेयर्स मात्र आपल्या भूमिकेवरून ढळली नाही. १९४३ मध्ये कँटरबरीच्या आर्चबिशपने देऊ केलेली धर्मशास्त्राची सन्माननीय पदवी तिने नाकारली.

द माइंड ऑफ द मेकर (१९४१) ह्या ग्रंथात ख्रिस्ती धर्मातील त्रैक्याच्या सिद्धांताचा अर्थ तिने लेखकाच्या निर्मितिप्रक्रियेच्या साहाय्याने विशद केला आहे. कल्पना, तिला साकार करणारी ऊर्जा आणि वाचकाच्या मनावर उमटणारा प्रभाव ही तीन अंगे भिन्न असूनही एकच कृती असतात, असे तिचे प्रतिपादन आहे. ‘व्हाय वर्क?’ (१९४२) ह्या व्याख्यानात, सुताराने चर्चमध्ये यावे एवढेच सांगून न थांबता त्याने उत्तम मेज घडवावे हीच धर्माची पहिली मागणी असली पाहिजे, असे तिने बजावले.

तिच्या लेखनाचे रंजनपर आणि धर्मपर असे दोन भाग पाडण्याचा प्रघात आहे. परंतु तो वरवरचा होय. वाचकाशी प्रतारणा न करणे, पुरावा न दडपणे आणि हाती घेतलेले काम चोखपणे करणे ही मूल्ये दोहोंकडे सारखीच आढळतात. एडमंड विल्सन ह्या अमेरिकन समीक्षकाने १९४५ मध्ये तिच्या रहस्यकादंबरीवर कंटाळवाणेपणाचा ठपका ठेवला. विम्झीविषयीचा अतिरिक्त जिव्हाळा आणि ज्यू पात्रांच्या चित्रणात डोकावणारे तत्कालीन पूर्वग्रह हे तिच्या कथालेखनातील दोषही नाकारता येत नाहीत. तरीही रहस्यकथेला सामाजिक आणि नैतिक आशय देणाऱ्या लेखकांत तिचे स्थान महत्त्वाचे आहे.

उत्तरायुष्यात तिने डांटेच्या दिव्य सुखान्तिकेचा मूळ यमकबंध राखून अनुवाद आरंभिला. त्याचे पहिले दोन खंड १९४९ व १९५५ मध्ये प्रसिद्ध झाले. तिसरा खंड अपुरा असतानाच विटॅम (एसेक्स) येथे तिचे निधन झाले. बार्बरा रेनल्ड्सने पूर्ण केलेला हा खंड १९६२ मध्ये प्रकाशित झाला.