थळचा युरिया आणि राबाची राख

रायगडच्या किनारपट्टीवर भाताची रोपे करायच्या जागी शेण, पालापाचोळा नि काटक्या पसरून जाळण्याची रीत जुनी आहे. तिला राब म्हणतात. नारळीच्या बुंध्याशी मासळीचे खत पुरण्याची चालही येथलीच. ज्याचा दुसरा उपयोग उरला नाही ते मातीला द्यायचे, हा या रीतींमागचा हिशेब. थळच्या खत कारखान्याचा इतिहास आम्हांला या हिशेबापासून वाचावासा वाटतो. ‘उद्योगाचे शेतीवर आक्रमण’ एवढ्या सूत्रात तो बसवला, की त्यातले निम्मे निसटते.

१९७४ साली मुंबई हायच्या समुद्रतळाखाली तेल सापडले. तेलासोबत वायूही वर येतो आणि त्याच्या वापराची सोय नसेल, तर ज्योत पेटवून तो जाळून टाकावा लागतो. हा वायू नळाने उरणला आला, आणि त्यापासून अलिबागजवळ थळ येथे खत करायचे ठरले. भारतीय खत निगमाच्या फेररचनेतून १९७८ मध्ये निघालेल्या राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचा हा कारखाना ऐंशीच्या दशकाच्या मध्यास सुरू झाला. तोवर कुलाबा जिल्ह्याचा रायगड झालेला होता.

कारखान्याच्या पोटातही एक राब आहेच. वायूपासून हायड्रोजन काढताना कार्बन डायऑक्साइड उरतो. हायड्रोजनची हवेतील नायट्रोजनशी गाठ घातली की अमोनिया होतो. आणि तोच उरलेला कार्बन डायऑक्साइड दाबाखाली अमोनियाला जोडला, की युरिया. शेकडा ४६ नायट्रोजनचे पांढरे दाणे. जमशेदपूरच्या कोकभट्ट्यांच्या वायूतून अमोनियम सल्फेट काढले जाई, त्याच कुळातली ही युक्ती.

फरक आहे तो मालकीचा. राबाची राख ज्याच्या शेतात पडे, त्याचीच ती असे. थळ-वायशेत प्रकल्पासाठी जमिनी गेल्या, मुंबईच्या पर्यावरणवाद्यांनी जागेला हरकत घेतली, आणि दाणे मात्र दूरदूरच्या शेतांवर गेले. याच तालुक्यात चरीच्या कुळांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून सहा वर्षे शेती न कसण्याचा संप केला होता. तेथे जमिनीचा प्रश्न नुसत्या मोबदल्याच्या आकड्यांत मांडणे आम्हांला अपुरे वाटते. ग्रामीण साहित्य शिकवताना आपण माती, पाऊस, सावकार यांवर तासन्‌तास बोलतो. खताच्या गोणीपाशी आपली चर्चा सहसा थांबत नाही.

युरियात निंबोळीची पेंड, म्हणजे तेल काढून उरलेला चोथा, मिसळून टाकावी असे शेतकऱ्यांना पूर्वीपासून सांगितले जाई. त्यामुळे नायट्रोजन सावकाश सुटतो. २०१५ पासून देशात तयार होणाऱ्या युरियावर कडुनिंबाच्या तेलाचा लेप सक्तीचा झाला. थळचा दाणाही आता तो लेप घेऊनच बाहेर पडतो.