जुन्या फोटोत ढग का नाहीत



आज पिकाचं काही नाही. चार-पाच जणांनी विचारलंय की तुम्ही रोज मावळतीचा फोटो टाकता, तर कॅमेरा कुठला घ्यावा, आणि आम्ही काढला की सूर्याचा पांढरा ठिपका आणि आभाळ धुऊन काढल्यासारखं का येतं. उत्तर लिहायला बसलो तर ते पार दीडशे-पावणेदोनशे वर्षं मागं गेलं. मला हा नाद कशानं लागला ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं कळेल.

2014 चा मार्च. मराठवाड्यात त्या वर्षी गारपिटीनं काय केलं ते सांगायची गरज नाही. आमच्याकडं त्या दिवशी दुपारपासून उकाडा होता. दिवस कलता कलता पश्चिमेचं आभाळ हिरवट पडलं, शेवाळलेल्या पाण्यासारखं. असला रंग मी जन्मात पाहिला नव्हता. धाकटा भाऊ लग्नाला परगावी गेलेला. त्याचा हरभरा काढून रानात ढीग घातलेला. त्यानं फोन केला, दादा, आभाळ कसंय, ढीग झाकायला माणूस लावू का? मी म्हटलं थांब, फोटोच पाठवतो. पोराच्या मोबाईलवर काढला आणि पाठवला. फोटोत साधं राखाडी मळभ! हिरवं काहीच नाही. तो म्हणाला, एवढं काही दिसत नाही, सकाळी येऊन झाकतो. आणि मीही फोटोकडं बघून म्हटलं, हो, राहू दे. रात्री नऊला गारा पडल्या. सकाळी ढिगाखालून पाणी वाहत होतं.

हिरवं आभाळ म्हणजे गार ठरलेलीच, असं नसतं, हे मला नंतर वाचून कळलं. खोल, पाण्यानं भरलेल्या ढगातून कलत्या उन्हाचा उजेड आला की असा रंग दिसू शकतो, गारा असोत नसोत. माझा प्रश्न वेगळा होता. माझ्या डोळ्यानं बघितलेलं मोबाईलनं खोडलं कसं?

आता मागं जाऊ. 1860-70 च्या आसपासचे जुने फोटो बघा, किल्ल्यांचे, घाटांचे, कुठलेही. बहुतेकांत आभाळ कोऱ्या कागदासारखं. ढग नसायचे असं नाही, काचेच्या प्लेटला ते दिसायचे नाहीत. त्या वेळच्या प्लेटला फक्त निळा आणि जांभळा उजेड कळायचा. निळं आभाळ तिला पांढऱ्या ढगाइतकंच उजळ. पांढऱ्यावर पांढरं, मग ढग कुठून दिसणार? आणि तांबडं तर तिला काळंच. मावळतीचा लालभडक पट्टा प्लेटवर मेलेला यायचा. म्हणून तर डार्करूममध्ये लाल दिवा चालायचा.

गुस्ताव्ह ल ग्रे म्हणून एक फ्रेंच फोटोग्राफर होता. त्यानं 1856-57 च्या सुमारास समुद्राचे फोटो काढले, लाटा आणि ढग दोन्ही असलेले. लोक चकित झाले. अडचण अशी की समुद्राला जेवढा वेळ उजेड द्यावा लागतो तेवढ्या वेळात आभाळ जळून पांढरं होतं. ल ग्रे बऱ्याचदा समुद्राची एक प्लेट आणि आभाळाची दुसरी अशा दोन घ्यायचा आणि क्षितिजावर सांधून एक फोटो छापायचा. त्याच्या काही वेगवेगळ्या फोटोंत आभाळ एकच आहे, हे पुढं लक्षात आलं. मग तो धंदाच झाला. फोटोवाले ढगांच्या प्लेटा साठवून ठेवायचे आणि ज्याच्या फोटोत आभाळ रिकामं त्याला चिकटवायचे. म्हणजे फॉरवर्ड आलेला दुसरीकडचा वादळाचा फोटो आपल्या तालुक्याचा म्हणून फिरवणं ही काही आजची विद्या नाही.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट पुढची आहे. 26 आणि 27 ऑगस्ट 1883 ला जावा आणि सुमात्राच्या मधला क्राकाटोआ ज्वालामुखी फुटला. छत्तीस हजारांवर माणसं गेली, बहुतेक समुद्राच्या लाटांनी. त्याची बारीक धूळ आणि वायू फार उंच चढून पृथ्वीभर पसरले. सप्टेंबरात सिलोन आणि मद्रासकडच्या लोकांना उगवता-मावळता सूर्य हिरवा दिसला. मद्रासला मिची स्मिथ नावाचे प्राध्यापक होते, त्यांनी तो वर्णपटदर्शक यंत्रातून पाहून नोंदी केल्या. नोव्हेंबरपर्यंत युरोप-अमेरिकेतही दिवस बुडाल्यावर आभाळ पुन्हा पेटल्यासारखं दिसायला लागलं. न्यूयॉर्कजवळ पोकीप्सी गावात लोकांना आग लागली असं वाटून बंबवाले धावले.

एवढं जगभर घडलं, त्या वेळी कॅमेरे होते, फोटोवाले गावोगाव होते. तरी त्या रंगांचा एक धड फोटो नाही. काढणार कशानं? लंडनला टेम्सच्या काठी चेल्सीत विल्यम ॲस्क्रॉफ्ट नावाचा चित्रकार राहायचा. तो रंगीत खडू घेऊन रोज संध्याकाळी नदीकाठी बसला. एकेका संध्याकाळी थोड्या थोड्या मिनिटांनी एक चित्र, हात चालेल तसं झरझर. अशी पाचशेच्या वर चित्रं त्यानं काढली. 1888 ला लंडनच्या रॉयल सोसायटीनं क्राकाटोआचा मोठा अहवाल छापला, त्याच्या सुरुवातीला याचीच चित्रं आहेत. शास्त्रज्ञांनी खडूच्या चित्रावर भरवसा ठेवला, कारण त्या कामाला कॅमेरा आंधळा होता. मला तो माणूस आपल्यातला वाटतो. रोज एकाच बांधावर, एकाच वेळेला, कंटाळा न करता.

ढगांचं कोडं मात्र प्लेटवाल्यांनी हळूहळू सोडवलं. 1873 ला जर्मनीत फोगेल यांना सापडलं की प्लेटच्या मसाल्यात ठराविक रंगद्रव्य मिसळलं तर तिला हिरवा-पिवळा उजेडही कळतो. मग भिंगापुढं पिवळी काच लावली की निळं आभाळ गडद येतं आणि ढग उठून दिसतो. दुसरी युक्ती तर फारच साधी. इंग्लंडात एक्सेटरचे आर्थर क्लेडन भिंगापुढं काळ्या काचेचा आरसा तिरका धरायचे आणि त्यातलं आभाळाचं प्रतिबिंब टिपायचे. निळ्या आभाळाचा बराच उजेड एका दिशेनं कंप पावणारा असतो, काळी काच ठराविक कोनात तो गिळते, ढगाचा उजेड मात्र परत येतो. आज दुकानात पोलरायझर मागतो आपण, त्याचंच हे घरगुती रूप. 1906 ला तांबडं दिसणारी प्लेटही बाजारात आली.

हे सगळं हौसेपुरतं नव्हतं. ढगांना नावं 1802-03 मध्येच लंडनच्या ल्यूक हॉवर्डनं दिली होती, क्युम्युलस, स्ट्रेटस, सिरस वगैरे. तो धंद्यानं औषधं-रसायनं बनवणारा, हवामानाचा नुसता हौशी. पण गावोगावचे निरीक्षक एकाच ढगाला वेगवेगळी नावं द्यायचे. कोणता ढग कोणता, हे ठरवायला सगळ्यांसमोर एकच चित्र पाहिजे. म्हणून 1896 ला फ्रेंच, जर्मन आणि इंग्रजी अशा तीन भाषांत आंतरराष्ट्रीय मेघ-ॲटलास निघाला. आज हवामान खातं जे ढगाचं नाव घेतं त्याची मुळं तिथं आहेत.

रंगीत फोटोची गंमत तर शेतकऱ्यानं ऐकलीच पाहिजे. 1907 ला फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंनी ऑटोक्रोम नावाची रंगीत प्लेट बाजारात आणली. ती कशाची? बटाट्याच्या स्टार्चची! स्टार्चचे कण मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढे बारीक, त्यातले काही नारिंगी, काही हिरवे, काही जांभळे रंगवून, मिसळून काचेवर पसरलेले. मधल्या फटीत काजळी. कणातून गाळून उजेड खालच्या मसाल्यावर पडायचा. फक्त भर उन्हातही सेकंदभर किंवा जास्त उजेड द्यावा लागायचा, मग मावळतीला तर विचारू नका, तोवर ढग पुढं सरकलेला.

मोबाईलच्या सेन्सरवरही तीच बटाट्याची युक्ती आहे, स्टार्चऐवजी लाल-हिरव्या-निळ्या बारीक गाळण्या. कोडॅकच्या ब्राइस बेयर यांनी ती मांडणी केली, 1976 चं पेटंट आहे. पण इथं एक नवीन गडी मध्ये आला. मोबाईल फोटो काढला की स्वतःच ठरवतो की या उजेडावर कसला रंग चढलाय, आणि तो रंग काढून टाकतो, म्हणजे पिवळ्या बल्बखाली माणूस पिवळा दिसू नये. सगळं आभाळच हिरवं किंवा तांबडं असेल तर त्याला तोही चढलेला रंगच वाटतो. 2014 ला माझं हिरवं आभाळ असंच राखाडी झालं असणार. जुनी प्लेट आंधळी होती, हा मोबाईल शहाणपणा करतो.

कृषी अधिकारी मंडळी इथं वाचतात म्हणून सांगतो, शेतकरी पानाचा फोटो पाठवून विचारतात, पिवळं पडलंय, काय मारू? पडद्यावर दिसणारा पिवळेपणा खरा किती, मोबाईलनं किती काढला किंवा चढवला, कुणी सांगावं. पानाशेजारी कोरा पांढरा कागद ठेवून फोटो मागवत जा. कागदच पिवळा दिसला तर समजा रंग हललाय.

आता कॅमेरा. पहिल्यांदा आहे तो मोबाईलच वापरा. कॅमेऱ्यात प्रो किंवा मॅन्युअल असं लिहिलेलं असेल तिथं जाऊन व्हाइट बॅलन्सला सूर्याचं चिन्ह निवडा, ऑटो काढा. मग आभाळाच्या उजळ भागावर बोट टेकवा आणि उजेड खाली ओढा, रान काळं पडेपर्यंत. ल ग्रेची अडचण अजून सुटलेली नाही, रान आणि आभाळ एकाच फोटोत दोन्ही नीट येत नाहीत. मोबाईल आता आपणहून दोन-तीन फोटो सांधतो, पण मग आभाळ कॅलेंडरवरचं वाटतं. मी ते बंद ठेवतो.

सूर्य मोठा हवा असेल तर मात्र भिंग लांब लागतं, त्याला इलाज नाही. सूर्य आभाळात जेमतेम अर्धा अंश जागा घेतो. हिशोब सोपा आहे: भिंगाची लांबी मिलिमीटरमध्ये घ्या, 110 नं भागा, तेवढ्या मिलिमीटरचा सूर्य सेन्सरवर पडतो. 200 च्या भिंगाला दोन मिलिमीटरसुद्धा नाही. 36 मिलिमीटर रुंदीच्या मोठ्या सेन्सरवर तो विसावा हिस्सा. मोबाईलच्या नेहमीच्या भिंगात दीडशेवा, म्हणून ठिपका. मी सहा वर्षांपूर्वी पुण्याहून एक वापरलेला कॅमेरा घेतला, 18-55 चं साधं भिंग, तेच चाललंय. मेगापिक्सलच्या मागं लागू नका. त्यापेक्षा चांगली जड तिपाई घ्या. दिवस बुडाल्यावर वीस मिनिटांनी खरे रंग येतात आणि तेव्हा हात हलतो. आणि एक, लांब भिंग लावून कॅमेऱ्याच्या डोळ्याच्या खिडकीतून सूर्याकडं बघू नका, डोळा जाईल. पडद्यावर बघा.

हौशी माणसाच्या फोटोला कोण विचारतं, असं कुणी म्हणालं तर 2017 चं सांगा. जागतिक हवामान संघटनेनं त्या वर्षी मेघ-ॲटलासची नवी आवृत्ती काढली, त्यात ॲस्पेरिटास हे नवं नाव आलं. खालून बघितलं तर नांगरलेलं रान उलटं टांगल्यासारखं दिसतं ते. देशोदेशीच्या हौशी लोकांनी काढलेले फोटो एका मेघप्रेमी संस्थेनं वर्षानुवर्षं गोळा करून पुढं रेटले, तेव्हा ते मान्य झालं.

माझी पद्धत आता अशी आहे. विहिरीच्या धक्क्यावरून रोज एकच दिशा, एकच चौकट. आणि फोटोबरोबर वहीत रंग शब्दात लिहितो, ॲस्क्रॉफ्टसारखा खडू मला जमत नाही. कालची ओळ: खाली गुळाच्या पाकाचा रंग, वर जांभळट, वारा पडलेला, उत्तरेला एक ढग डोकं वर काढून. भावाला फोटो नाही पाठवला, फोन करून सांगितलं. त्यानं ताडपत्री टाकली. पाऊस आला नाही, आणि सकाळी मला शिव्या देत ती काढून घडी घालत होता.