रहस्य उलगडल्यानंतर

जयंत देवकुळे यांच्या कथेवर राजा परांजपे यांनी १९६४ साली काढलेला ‘पाठलाग’ १९६६ साली हिंदीत ‘मेरा साया’ झाला. महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या आम्हां मुलांना आधी भेटला तो राज खोसला यांचा हिंदी अवतारच. वकिलाची पत्नी निवर्तते. पुढे तिच्याच चेहऱ्याची एक आरोपी न्यायालयात ‘मीच तुमची पत्नी’ म्हणते. तिचे खोटे केव्हा उघडे पडते, याची आम्ही श्वास रोखून वाट पाहत होतो. मृत स्त्री जुळी बहीण होती, हे आता ठाऊक आहे. (इतक्या वर्षांनी सांगण्यात पाप नसावे!) त्यामुळे परवा पुन्हा पाहताना भय उरले नाही, उरली ती उलटतपासणी. साधना सहजीवनातील आठवणी एकेक पुढे ठेवते आणि नवराच त्या खोडून काढतो. लहानपणी आमची सारी सहानुभूती त्या वकिलाला होती.