पिवळं पाखरू आणि आमच्या देवळाचा जीर्णोद्धार

परवा रात्री जेवणं उरकून पडवीत बसले होते, तर म्युनिकहून नातवाचा फोन आला. तिकडे त्याचं इंजिनिअरिंगचं पुढचं शिक्षण चालू आहे. आवाजावरूनच कळलं, स्वारी कुठून तरी भांडण ऐकून आली आहे. "आजी, तू आयुष्यभर इतिहास शिकवलास ना? मग आता न्याय कर," म्हणाला.

प्रकरण असं. रविवारी तो घरमालकांबरोबर जुन्या गाड्यांच्या मेळाव्याला गेला होता. तिथे एका तरुणाने १९७० च्या दशकातली पोर्शे ९११ आणली होती. बाहेरून जुनी, पण आतल्या इंजिनाला दोन टर्बो बसवलेले आणि मूळची चाकं काढून रुंद, मोठी, नव्या घडणीची चाकं लावलेली. घरमालक सत्तरीचे. ते म्हणाले, "ही गाडी यानं मारली." तो तरुण म्हणाला, "कोठारात गंजून मेलेलीच होती, मी जिवंत केली." यात खरं कोण?

मला गाडीतलं काय कळतं? आमच्या घरात एकच स्कूटर होती, तीही 'हे' चालवायचे. पण जुनी वस्तू बदलावी की जपावी हा प्रश्न माझ्या विषयातला. शिवाय त्याला एक जुनं ओझंही आहे, ते शेवटी सांगते. तर मंडळी, गेले पंधरा दिवस मी नातवाकडून धडे घेते आहे.

आधी टर्बो म्हणजे काय ते. लोहाराचा भाता आठवा. कोळसा तोच, पण भात्याने वारा घातला की आग कशी फुलते! इंजिनातही इंधन जाळायला हवा लागते. हवा जास्त कोंबली तर इंधनही जास्त जाळता येतं आणि ताकद वाढते. टर्बो हा असाच भाता, फक्त तो ओढायला माणूस लागत नाही. धुराड्यातून वाया जाणाऱ्या गरम वायूने एक चक्र फिरतं, त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र बाहेरची हवा ओढून इंजिनात दाबतं. टाकाऊतून टिकाऊ म्हणतात ते हेच!

ही कल्पना स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूची या अभियंत्याची. त्याने १९०५ साली पेटंट घेतलं, पण ती नीट रुजायला वीस वर्षं गेली. १९२५ मध्ये दोन जर्मन जहाजांच्या डिझेल इंजिनांची ताकद या युक्तीने १७५० वरून २५०० अश्वशक्तीवर गेली. मधल्या काळात, १९१८ साली, अमेरिकेत सॅनफर्ड मॉस या गृहस्थाने विमानाचं इंजिन चौदा हजार फुटांवरच्या पाइक्स पीक शिखरावर चढवून तपासलं. विरळ हवेत ३५० अश्वशक्तीचं इंजिन २३० वर आलं होतं, टर्बो लावल्यावर ते ३५६ वर गेलं. म्हणजे मुळात हे यंत्र शर्यतीच्या हौसेतून आलेलं नाही. जहाजं आणि विमानं ही त्याची पहिली घरं.

मोटारीत ते आलं १९६२ साली, अमेरिकेत. ओल्ड्समोबिल जेटफायर ही त्यातली एक गाडी, आणि तिची कथा या वादात फार कामाची आहे. जास्त हवा कोंबली की उष्णता वाढते, इंधन अवेळी पेटतं आणि इंजिनाला आतून ठोके बसतात. ते टाळायला या गाडीत पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण वेगळ्या टाकीत भरावं लागे. लोक ते भरायला विसरत. तक्रारी वाढल्या, तेव्हा १९६५ मध्ये कंपनीने स्वतःच टर्बो काढून साधा कार्ब्युरेटर बसवून द्यायची सोय केली. पुष्कळांनी तसं करून घेतलं. आज मूळचा टर्बो शाबूत असलेली जेटफायर शोधावी लागते. म्हणजे इथे टर्बो हेच मूळ रूप आणि साधं इंजिन ही मागाहून केलेली ढवळाढवळ! जुनं ते साधं आणि नवं ते गुंतागुंतीचं, असा आपला समज असतो. इतिहास तो मोडतो.

पुढे १९७३ मध्ये बीएमडब्ल्यूने २००२ टर्बो आणली. तिच्या पुढच्या बाजूला 'टर्बो' हा शब्द उलटा रंगवलेला असे, पुढच्या चालकाला आरशात सुलटा दिसावा म्हणून. केवढी ही घमेंड! पण त्याच वर्षी तेलाचं संकट आलं आणि दीड हजारांहून थोड्याच अधिक गाड्या निघून ती थांबली. १९७४ च्या पॅरिस प्रदर्शनात पोर्शेने ९११ टर्बो दाखवली. तीन लिटरचं इंजिन, २६० अश्वशक्ती. पायाखालची कळ दाबली की क्षणभर काहीच होत नसे, आणि मग एकदम धक्का बसे. वळणावर तो धक्का बसला की मागचं जड इंजिन गाडी फिरवून टाकी. कित्येक चालक त्यात सापडले आणि या गाडीला 'विधवा करणारी' असं नाव पडलं.

आता खऱ्या गोष्टीकडे येते. बव्हेरियात फाफेनहाउझेन नावाचं छोटं गाव आहे. तिथे १९३९ साली आलोईस रुफ यांनी गॅरेज काढलं. १९७४ मध्ये ते वारले आणि त्याच नावाच्या मुलाने काम हाती घेतलं. मुलाला पोर्शेचं वेड. गिऱ्हाइकांच्या गाड्या दुरुस्त करता करता तो त्यांत बदल करू लागला. १९८१ मध्ये जर्मन सरकारने या गॅरेजला स्वतंत्र मोटार-उत्पादक म्हणून मान्यता दिली. पोर्शेकडून कोरा सांगाडा घ्यायचा आणि आपल्या क्रमांकाची आपली गाडी उभी करायची.

१९८७ साली रुफने सीटीआर बांधली. पोर्शेची स्वतःची टर्बो रुंद होती, तिच्या फुगीर कडांना वारा जास्त अडे. म्हणून रुफने साध्या ९११ चा अरुंद सांगाडा घेतला, छपरावरच्या पावसाच्या पन्हळी काढून टाकल्या, दारं ॲल्युमिनियमची केली. सुमारे ३.४ लिटरच्या इंजिनाला दोन टर्बो जोडले. मूळची साधी गाडी २३१ अश्वशक्तीची, ही झाली ४६९ ची. दुप्पट! चाकं १७ इंची घातली. मला वाटायचं चाकं म्हणजे नुसती शोभा. नातवाने समजावलं की चाक मोठं असेल तरच आत मोठा ब्रेक मावतो. वेग दुप्पट झाला तर गाडीतली ऊर्जा चौपट होते, हे आपण शाळेत शिकवायचो. ती ऊर्जा ब्रेकनेच गिळायची असते. ताकद वाढवून जुने ब्रेक ठेवणं म्हणजे बैलगाडीला घोडे जुंपण्यासारखं. पण चाकं उगाच मोठी केली तर टायरचा मऊ भाग कमी होतो आणि रस्त्यावरचा खड्डा जुन्या सांध्यांना थेट लागतो. एक बदल केला की त्याच्यामागून दहा करावे लागतात, आणि तसं करणाराच खरा कारागीर.

त्या वर्षी एका अमेरिकन मासिकाने जर्मनीतल्या एरा-लेसिनच्या मार्गावर जगातल्या वेगवान गाड्या पळवल्या. फेरारी होती, पोर्शेची नवीकोरी ९५९ होती. सगळ्यांत पुढे गेली ती खेड्यातल्या गॅरेजची पिवळी गाडी, ताशी ३३९ किलोमीटर. पत्रकारांनी तिला 'यलोबर्ड' म्हटलं, पिवळं पाखरू. रुफ म्हणून जन्मलेल्या अशा गाड्या तीसच्याही आत आहेत. २०२५ च्या मार्चमध्ये अमेरिकेतल्या लिलावात त्यांतली एक साठ लाख डॉलरहून अधिक किमतीला गेली.

आता गंमत बघा. १९८७ मध्ये एखादा कर्मठ पोर्शेभक्त म्हणाला असता, "रुफने गाडी बिघडवली." आज त्याच पिवळ्या पाखराची चाकं कुणी बदलली तर जग त्याच्यावर तुटून पडेल. कालचा बदल आजचा वारसा झाला.

मग सगळंच चालतं का? नाही. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ मध्ये ट्यूरिन सनद मंजूर केली. तिचा आधार १९६४ ची व्हेनिस सनद, म्हणजे जुन्या वास्तू कशा जपाव्यात याचे नियम. सार एवढंच, की होता होईल तो मूळ वस्तूला हात लावू नका. लावलाच तर तो बदल ओळखता यावा, परत काढता यावा, आणि काय केलं ते लिहून ठेवावं. आपल्याकडे कायदा आणखी कडक आहे. नोंदणीतल्या मूळ तपशिलांशी विसंगत फेरफार वाहनात करता येणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितलं. २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांना वेगळी नोंदणी दिली, पण सांगाडा आणि इंजिन मूळचं असेल तरच. आपल्या रस्त्यावर पिवळं पाखरू जन्मलंच नसतं.

आता ते ओझं. १९८० च्या सुमारास आमच्या गावच्या देवळाचा जीर्णोद्धार निघाला. मी शाळेत इतिहास शिकवत होते. पोरांना घेऊन घरोघर वर्गणी मागितली. गळकं छप्पर दुरुस्त झालं, ते हवंच होतं. पण उत्साहाच्या भरात काळ्या दगडाच्या मंडपाला आम्ही गुलाबी तैलरंग दिला. एका खांबावर पाच-सहा ओळींचा शिलालेख होता. "रंगाऱ्याला सांगू का, तेवढा सोडायला?" असं एका मुलाने मला विचारलंही होतं. मी म्हटलं, "राहू दे, एकसारखं दिसेल." त्यावर पुढे तीन हात चढले. नंतर कुणीतरी तो रंग काढायला यंत्र लावलं, तेव्हा अक्षरंही गेली. मी त्याची नक्कलसुद्धा उतरवून ठेवली नव्हती. इतिहासाची शिक्षिका!

छपराबद्दल मला कधी वाईट वाटलं नाही. त्या खांबाबद्दल वाटतं, आजही.

म्हणून नातवाला मी उलट तीनच प्रश्न विचारले. त्या तरुणाने मूळचं इंजिन आणि चाकं ठेवली आहेत की भंगारात घातली? सांगाडा कापला की जसाच्या तसा आहे? काय काय केलं ते वहीत लिहिलं आहे का? त्याने पुढच्या रविवारी विचारून सांगितलं. चाकं फडताळात कापडात गुंडाळून ठेवलेली, मूळ इंजिन तेल लावून खोक्यात, आणि कामाची वही आहे, फोटोंसकट. सांगाड्याला कुठेही करवत लागलेली नाही.

"मग त्यानं मारलेली नाही," मी म्हटलं. "तुझ्या घरमालकांना सांग, त्यांचा राग खोटा नाही, पण तो दुसऱ्या कुणासाठी राखून ठेवा."

"कुणासाठी?" नातवाने विचारलं.

तेव्हा मी त्याला देवळाची गोष्ट सांगितली. इतकी वर्षं घरात कुणालाच सांगितली नव्हती. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "आजी, तो मुलगा कोण होता? त्याला आठवत असतील का त्या ओळी?"

हे मला चाळीस वर्षांत सुचलं नव्हतं. तो मुलगा आता साठीकडे झुकला असेल, तालुक्याच्या गावी राहतो असं ऐकते. येत्या रविवारी एसटीने जाऊन येणार आहे. सोबत वही घेऊन.